संभाजीनगरात बारा हजारांत घर : आधी भाडे विचारावे की पाणी?

पूर्णाकाठची (धागालेखिका)

नमस्कार. आम्ही सध्या हिंगोलीस राहतो. यजमानांना शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम मिळाले आहे. मी परिचारिका असून मला जूनपासून जालना रोडवरील एका खासगी रुग्णालयात रुजू व्हायचे आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यांच्या गुडघ्यांमुळे जिने चढणे होत नाही. मुलगी यंदा आठवीत जाईल.

महिन्याला बारा हजारांच्या वर आम्हांला झेपणार नाही आणि या बारा हजारांत भाडे, पाणी, वीज, देखभाल असे सगळेच बसले पाहिजे. हे आधीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, कुठेही चौकशी केली तरी लोक भाड्याचा आकडा तेवढा सांगतात आणि बाकीचे 'ते काय, बघून घेऊ' म्हणून सोडून देतात. अनामत रकमेसाठी चाळीस हजार बाजूला ठेवले आहेत.

नात्यातील एक जण म्हणतात की सातारा-देवळाईकडे नव्या इमारतींत दोन खोल्यांच्या भाड्यात तीन खोल्या मिळतात. दुसरे म्हणतात की सिडको सोडून कुठेही पाहू नका. दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलत असल्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरत नाही. शहरात भाड्याने राहिलेल्यांनी किंवा घर भाड्याने दिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

एनसातकर

ताई, घरमालकाला भाडे विचारण्याआधी हे विचारा : नळाला पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ टिकते आणि ते साठवायला हौद केवढा आहे? या शहरात घर स्वस्त की महाग हे या उत्तरावर ठरते, भाड्याच्या आकड्यावर नव्हे.

शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून येते. वर्षानुवर्षे ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर सगळा भार राहिला आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढत गेले. आता २५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना आहे, परंतु आपल्याला घर आज घ्यायचे असल्यामुळे योजनेच्या भरवशावर हिशेब मांडू नये. जलवाहिनी फुटली किंवा जायकवाडीच्या पंपगृहाची वीज गेली, की त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांचे पाणी पुढे ढकलले जाते आणि त्यामागची सगळी रांग सरकते. घरमालक 'पाच दिवसांआड' म्हणाला तर मनात सहा-सात धरावेत.

हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घराला काटकसरीने वापरले तरी दिवसाला चारशे लिटर लागतात. सहा दिवसांचे चोवीसशे झाले, त्यामुळे आपल्या वाट्याला तीन हजार लिटरची साठवण नसेल तर टँकर ठरलेलाच आहे. आठ सदनिकांच्या इमारतीत दहा हजार लिटरचा एकच हौद असेल, तर त्याच हिशेबाने तिथे एकोणीस हजार लिटर लागतात. उरलेल्या नऊ हजारांचे पैसे कोण भरते, हे सही करण्याआधी विचारावे.

घर पाहायला जाल तेव्हा हौदाचे झाकण उघडायला लावा. मालक कुरकुरला तरी चालेल. आतल्या भिंतीवर पाण्याची ओल कुठपर्यंत चढलेली आहे ते दिसते. ती रेघ अर्ध्याच्या खालीच असेल तर हौद कधी भरतच नाही असे समजावे. मग स्वयंपाकघरातील नळाची तोटी आणि बादलीचा काठ पाहावा. त्यावर पांढरा खरवडून निघणारा थर असेल तर घर बोअरच्या पाण्यावर चालते. ते पाणी भांड्याधुण्याला चालते, पण पिण्याला रोज जार घ्यावा लागतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणजे गॅसही जास्त जळतो. शेवटी शेजारच्या बाईंना विचारावे, कारण पाण्याचा दिवस पुरुषांना क्वचितच ठाऊक असतो.

आता भागाविषयी. आपल्या दोघांचीही कामे जालना रोडच्या अंगाला आहेत. क्रांती चौकाकडून निघाले तर शेंद्रा पंधरा-वीस किलोमीटर पडते, म्हणून शहराच्या पूर्व अंगालाच पाहावे. मुकुंदवाडी, ठाकरेनगर, रामनगर, सिडको वसाहतीचा एन-दोन हा विभाग आणि चिकलठाण्याच्या अलीकडच्या वसाहती या टप्प्यात येतात. एन-तीन, एन-चार येथे भाडे चढे आहे, तिथे वेळ घालवू नये. सातारा-देवळाईत घरे नवी आणि ऐसपैस असतात हे खरे, पण अनेक इमारती वर्षानुवर्षे बोअर आणि टँकरवर राहिल्या आहेत. शिवाय तो भाग रेल्वेमार्गाच्या आणि बीड बायपासच्या पलीकडे असल्यामुळे यजमानांना रोज सकाळी संपूर्ण शहर ओलांडून शेंद्र्याला जावे लागेल. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल पंपावर जातील.

दुसरीपाळी

एनसातकरांशी सहमत आहे. एक भर घालतो. मी वाळूजला कामाला असून बजाजनगरात राहतो. तिथे आणि रांजणगावात घरे स्वस्त आहेत, पण ती शहराच्या पश्चिम टोकाला आहेत. शेंद्र्याला काम असलेल्या माणसाने स्वस्ताईला भुलून तिकडे येऊ नये.

कारखान्याची कर्मचारी बस असेल तर ती कोणत्या थांब्यांवर थांबते याची यादी मनुष्यबळ विभागाकडून आधीच मिळवावी आणि घर त्या थांब्यापासून पायी जाण्याच्या अंतरात शोधावे. पहाटेच्या पाळीला थांब्यापर्यंत रिक्षा करावी लागली, तर महिनाअखेरीस तो खर्च भाड्याच्या बरोबरीने टोचतो.

विजेचे वेगळे मीटर आहे का, हेही पाहावे. अनेक घरमालक महावितरणच्या एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे ठेवतात आणि आत सबमीटर बसवून युनिटमागे ठरावीक दर लावतात. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि पुढच्या टप्प्याचा जास्त असतो. तीन बिऱ्हाडांचा वापर एका मीटरवर जमा झाला की सगळे वरच्या टप्प्यात जातात. आपण घरी एक पंखा आणि एक दिवा लावूनही शेजाऱ्याच्या गिझरचे पैसे भरत असतो. स्वतंत्र मीटर असलेले घर पाचशे रुपयांनी महाग असले तरी घ्यावे, असे माझे मत आहे.

निळीस्कुटी

ताई, आपण परिचारिका आहात, म्हणजे रात्रपाळी येणारच. फाटकाला कुलूप किती वाजता लागते, हे विचारल्याशिवाय घर घेऊ नका. मी जिथे राहत होते तिथे रात्री दहाला कुलूप लागायचे आणि त्यानंतर आले की घरमालकीणबाईंना उठवावे लागायचे. त्या उठायच्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ते कळायचे. किल्ली आपल्याकडे असेल असे बोलून घ्या आणि कामाच्या स्वरूपाची कल्पना आधीच द्या.

दुसरी गोष्ट लिहायला अवघड आहे, पण इथे कोणी तिचा उल्लेख केलेला नाही म्हणून लिहिते. दूरध्वनीवर पहिला प्रश्न 'किती माणसे?' असा असतो आणि दुसरा 'आडनाव काय?' असा. आडनाव सांगितल्यावर 'घर कालच गेले' असे उत्तर मिळण्याचा अनुभव या शहरात बौद्ध आणि मुसलमान कुटुंबांना तर येतोच, पण एकट्या राहणाऱ्या बाईला कोणतेही आडनाव असले तरी येतो. स्वस्त घरांची संख्या कागदावर जेवढी दिसते तेवढी सगळ्यांसाठी नसते. ज्याच्यासमोर दारे कमी उघडतात त्याला त्याच खोलीसाठी जास्त भाडे मोजावे लागते. याला माझ्यापाशी उपाय नाही. एवढेच सुचवीन की, मांसाहार चालतो का हे आपणच आधी विचारून मोकळे व्हावे, म्हणजे सामान उतरवल्यानंतर कटकट होत नाही.

काळाकोट

मी वकिली करतो, म्हणून कराराविषयी लिहितो.

'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज सर्वत्र रुजलेला आहे आणि तो महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सूट असल्यामुळे तो पसरला. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा (ठरावीक मुदतीपुरत्या वापर-परवान्याचा) प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाही पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदवलेला करारच नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मुद्रांक शुल्क पाहून कोणी घाबरू नये. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्क्यांनी येणारे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, असा हा हिशेब आहे. नऊ हजार भाडे आणि तीस हजार अनामत धरली तर अकरा महिन्यांची बेरीज एक लाखाच्या किंचित वर जाते. म्हणजे शुल्क शेकड्यांतच राहते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे आहे. नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक, अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. घरी येऊन हे काम करून देणारे सेवापुरवठादार स्वतःचे पैसे वेगळे घेतात, ते आधी ठरवून घ्यावे.

पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढणे बेकायदा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा रोखण्यास मनाई आहे. भाड्याची पावती मागणे हाही भाडेकरूचा हक्क आहे. अनामत रकमेबाबत मात्र हात आखडता ठेवावा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, पण राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. म्हणून इथे जे बोलून ठरेल आणि कागदावर उतरेल तेच खरे.

मालकाचीबाजू

वरचे सगळे वाचले. माझी रामनगरच्या बाजूला दोन घरे आहेत आणि दोन्ही भाड्याने दिलेली आहेत, त्यामुळे थोडे उलट बाजूने लिहितो.

हौदाचे झाकण उघडून पाहावे हे मान्य, पण हौद भरलेला ठेवण्याचा खर्च कोणी सांगत नाही. पाण्याच्या दिवशी मोटार चालवण्याची वीज, बोअरच्या पंपाची दुरुस्ती, मालमत्ता कर, पाणीपट्टी हे सगळे मालकाच्याच अंगावर असते. पाणी आठवड्यातून एकदा आले तरी पट्टी वर्षाची येते. भाडेकरू वॉशिंग मशीन रोज लावतो आणि टँकरचा विषय निघाला की 'ते भाड्यात धरलेले आहे' म्हणतो. एक कुटुंब तीन महिन्यांचे वीजबिल थकवून रात्रीतून निघून गेले, तेव्हापासून मी अनामत तीन महिन्यांची घेतो. ही लोभाची गोष्ट नाही.

करार नोंदवायला मालक का कचरतात, याचेही खरे कारण सांगतो. पैसे वाचवणे हे कारण कमी वेळा असते. वडिलांच्या पिढीने जुने कूळ घरात बसलेले पाहिले आहे आणि 'नोंद झाली की माणूस हक्क सांगतो' ही भीती मनातून जात नाही. दुसरे कारण प्राप्तिकराचे आहे. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले, तर घरभाडे भत्त्याची वजावट मागणाऱ्या नोकरदाराला मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. म्हणूनच महिन्याला आठ हजार तीनशे हा आकडा या शहरात इतक्या वेळा ऐकू येतो.

काळाकोट

आपण भीती प्रामाणिकपणे मांडली त्याबद्दल आभार, परंतु कायदा नेमका त्या भीतीच्या उलट आहे. 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मिळू शकते. त्या कार्यवाहीत लेखी करार हा निर्णायक पुरावा मानला जातो. भाडेकरू जाईल का, ही ज्या मालकाला चिंता आहे त्याने तर नोंदणीसाठी स्वतःच पुढे यायला हवे. नोंद न केलेल्या कागदावर घर देणारा मालक स्वतःच्या हाताने ही वाट बिकट करतो.

दुसरीपाळी

पॅनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. यजमानांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर घरभाड्याची वजावट मिळतच नाही, म्हणजे मालकाचा पॅन मागण्याची गरजच उरत नाही. हे सांगितले की काही मालकांचा चेहरा लगेच खुलतो.

औरंगपुऱ्याचापोर

विषय कुटुंबाच्या घराचा आहे, तरी धागा शोधत विद्यार्थीही येतील म्हणून थोडक्यात लिहितो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम थेट खात्यात मिळते. अर्ज समाज कल्याण कार्यालयामार्फत होतो. इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचे भाडे हाताशी ठेवूनच खोली घ्यावी. भाड्याचा करार अर्जासोबत लागत असल्याने मालक तो देणार का, हे आधी विचारावे.

आणि एक सावधगिरीची सूचना. ऑनलाइन जाहिरातीत सुंदर घर, भाडे अर्धे, आणि मालक 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी टोकन भरा' असे म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. खरी स्वस्त घरे जाहिरातीत येतच नाहीत. ती किराणा दुकानाच्या खांबावर, पिठाच्या गिरणीत आणि दूधवाल्याच्या तोंडी असतात. गल्लीत पायी फिरले की 'घर भाड्याने देणे आहे' अशा हाताने लिहिलेल्या पाट्या दिसतात आणि एजंटचे एका महिन्याचे भाडेही वाचते.

पूर्णाकाठची (धागालेखिका)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी येऊन घरे पाहिली. धाग्यावर लिहिलेले डोक्यात ठेवून फिरल्यामुळे प्रश्न विचारताना संकोच झाला नाही.

देवळाईकडील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन शयनगृहांचे घर आठ हजारांत होते. फरशी चकचकीत, गॅलरीतून डोंगर दिसत होता आणि सासूबाईंचा विषय नसता तर आम्ही भाळलो असतो. लिफ्ट होती, पण ती रात्री बंद ठेवतात असे वॉचमनने सांगितले. देखभाल अकराशे. टँकरची वर्गणी विचारली तेव्हा सचिवांनी 'उन्हाळ्यात थोडी वाढते' एवढेच सांगितले. मी मागच्या मे महिन्याची पावती मागितली. ती पाहिल्यावर भाडे, देखभाल आणि टँकर धरून बेरीज साडेअकरा हजारांवर गेली, तीही विजेशिवाय.

मुकुंदवाडीच्या बाजूला तळमजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे छोटी मोरी असे जुन्या पद्धतीचे घर मिळाले. घरमालक निवृत्त असून वरच्या मजल्यावर राहतात. भाडे नऊ हजार, वीज स्वतंत्र मीटरवर, देखभाल नाही. हौद अंगणात आहे आणि तो दोन्ही बिऱ्हाडांत सामाईक आहे. झाकण उघडायला सांगितले तेव्हा आजोबा स्वतःच पहार घेऊन आले. ओलीची रेघ वरपर्यंत होती. हौद सहा हजार लिटरचा आहे, म्हणजे निम्मा धरला तर एनसातकरांच्या हिशेबात बसतो. शिवाय छतावर हजार लिटरची आमची वेगळी टाकी आहे. समोरच्या काकूंनीही पाण्याचा दिवस तोच सांगितला.

दोन अडचणी आहेत. एक म्हणजे घराची पश्चिमेची भिंत उघडी आहे आणि दुपारनंतर तापते. दुसरी अडचण अशी की, आजोबांना करार नोटरीकडे करायचा आहे; त्यांच्या मते शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का असला की तो करार पक्का होतो. ते माणूस म्हणून चांगले वाटले, त्यामुळे फार ताणावे की नाही हे कळत नाही. अनामत सत्तावीस हजार मागितली आहे. काय करावे?

काळाकोट

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सह्या कोणी केल्या एवढेच प्रमाणित करतो. कलम ५५ मधली नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच होते. चांगल्या माणसाशी करार करतानाही तो नोंदवावा, कारण उद्या त्यांच्या पश्चात मुलांशी व्यवहार करावा लागला तर त्यांना आजोबांच्या तोंडी आश्वासनाची आठवण असणार नाही. आपल्या अनामत रकमेचा पुरावाही त्याच कागदात राहतो.

मालकाचीबाजू

ताई, आजोबांशी कायद्याच्या भाषेत बोलू नका. त्यांना एवढेच सांगा की, नोंद झाली तर मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेण्याचा हक्क त्यांचा पक्का होतो, खर्च निम्मा-निम्मा करू आणि माणूस घरी येऊन अंगठा घेऊन जाईल. तलाठ्याकडे आणि कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला घरबसल्या काम होते, हेच पटते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारीही मालकाची असते. ती ऑनलाइन भरता येते. यजमानांनी शेजारी बसून भरून द्यावी, म्हणजे विश्वास वाढतो.

करारात तीन गोष्टी उघड लिहून घ्या. त्या मी स्वतः माझ्या भाडेकरूंना लिहून देतो आणि तेव्हापासून भांडण झालेले नाही. नळाचे पाणी ठरलेल्या अंतरापेक्षा जास्त लांबले आणि टँकर आणावा लागला, तर तो दोन बिऱ्हाडांनी माणशी वाटून घ्यावा. घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि कापायचे तर किती, हे आजच ठरवावे. आणि अकरा महिन्यांनी पुन्हा करार झाल्यास वाढ किती, तो आकडा टाकावा. 'परस्परसंमतीने' हा शब्द टाकू नये.

एनसातकर

रंगाच्या पैशांवरून मतभेद नोंदवतो. पाच वर्षे राहिलेल्या भाडेकरूकडून रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापणे मला अन्यायाचे वाटते. भिंत आपोआपही जुनी होते. ताईंनी ते कलम निदान 'दोन वर्षांच्या आत घर सोडल्यास' असे करून घ्यावे.

पश्चिमेच्या भिंतीविषयी : या भागात कूलरशिवाय एप्रिल-मे निघत नाहीत आणि कूलर पाणी पितो. दुपारभर चालला तर दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज जातात, ते पाण्याच्या हिशेबात धरा. कूलर पश्चिमेच्या खिडकीत बसवू नका, तिथून तापलेली हवाच आत येते. उत्तरेची किंवा मोरीकडची खिडकी असेल तर तिच्या गजांना कूलरचा स्टँड बसतो का, ते मापून घ्या आणि स्टँडसाठी खिळे ठोकायला आजोबांची परवानगी आत्ताच विचारा. भिंतीबाहेर बांबूचा तट्टा किंवा हिरवी शेडनेट बांधली तरी दुपारी फरक पडतो.

निळीस्कुटी

आणि फाटकाची किल्ली?

पूर्णाकाठची (धागालेखिका)

किल्लीचे, ताई, तुमच्यामुळेच विचारले गेले. आजोबा म्हणाले की त्यांना रात्री झोप लागत नाही, ते स्वतःच दार उघडतील. पण मी आग्रह धरला आणि दुसरी किल्ली करून घेण्याचे ठरले.

करार नोंदवला. आजोबांना घरी येऊन अंगठा घेणार हे कळल्यावर त्यांनी विरोध केला नाही. उलट साक्षीदार म्हणून समोरच्या काकांना स्वतःच बोलावून आणले. टँकर माणशी वाटून घेण्याचे कलम टाकले. वर दोघे आणि खाली आम्ही चौघे, म्हणजे आमचा वाटा दोन तृतीयांश येतो. आजोबांनी 'मुलगी लहान आहे, तिला धरू नका' म्हणून तो तीन पंचमांशावर आणला. रंगाचे कलम एनसातकरांनी सुचवल्याप्रमाणे दोन वर्षांचे झाले. वाढ पाचशे रुपये, आकड्यात लिहिलेली. अनामत सत्तावीसच राहिली, ती खात्यातून दिली आणि तिचा व्यवहार क्रमांक करारात नमूद केला.

नऊ हजार भाडे, वीज साधारण हजार-बाराशे, पिण्याच्या जारला सहाशे आणि उन्हाळ्यातील टँकरसाठी दरमहा पाचशे बाजूला, असा आमचा हिशेब साडेअकराच्या आत बसतो. यजमानांची बस मुख्य रस्त्यावर थांबते, तिथवर पायी जाता येते. मला रुग्णालयात जायला शहर बस आहे, रात्रपाळीला मात्र यजमान सोडतील.

सामान मे महिन्याच्या अखेरीस आणायचे आहे. हिंगोलीहून येणाऱ्या टेम्पोचे भाडे परतीचे रिकामे अंतर धरून सांगत आहेत. मोंढ्यात (घाऊक बाजारात) माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या मिळतात असे ऐकले आहे. कोणाला माहिती असल्यास सांगावे.

दुसरीपाळी

तुमच्या बाबतीत उलटे आहे ताई. हिंगोलीहून इकडे माल घेऊन येणारी गाडी नको, इकडून तिकडे माल टाकून रिकामी परतणारी गाडी हवी. हिंगोलीच्या मोंढ्यात किंवा फर्निचरच्या दुकानांत विचारा. संभाजीनगरच्या पासिंगच्या म्हणजे एमएच-२० क्रमांकाच्या गाड्या तिथे माल उतरवताना दिसतील. चालकाशी थेट बोला. चढवण्या-उतरवण्याचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, ते आधी ठरवा आणि कूलर सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे उतरल्याबरोबर तो आधी बसवता येईल. घरात पाऊल टाकताच वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढून आजोबांना पाठवून ठेवा.